पांढऱ्या कापडाखालचे धोरण

दीड-दोनशे माणसे माना खाली घालून उभी होती आणि कोणीही मेलेले नव्हते.

ही गोष्ट त्या क्षणी त्या मांडवात बहुधा मला एकट्यालाच ठाऊक होती. ती इतरांना कशी सांगावी, हे मात्र मला उमगत नव्हते. समोर ध्वनिक्षेपक होता, खिशात कंपनीचे ओळखपत्र होते आणि त्यावर माझ्या नावाखाली 'अंतर्गत संवाद अधिकारी' असे छापलेले होते. पाठीमागून उदबत्तीचा वास येत होता. उदबत्ती मी मागवलेली नव्हती.

शांततेशी माझा परिचय जुना आहे. विद्यापीठात असताना मी तिच्यावर एक प्रबंधिका लिहिली होती: आधुनिक कवितेतील दोन ओळींमधली शांतता, शब्द नाकारणारी शांतता, शहराच्या पोटातली शांतता. परंतु कवितेतली शांतता वाचकाने पान उलटले की संपते. माणसे उभी राहून पाळतात ती शांतता कोणीतरी 'बसा' म्हणेपर्यंत संपत नाही. ध्वनिक्षेपक माझ्या हाती असल्यामुळे तो 'कोणीतरी' मीच होतो. 'बसा' म्हणावे, तर ही श्रद्धांजली होती हे मी मान्य केले असे झाले असते. 'अहो, कोणी गेलेले नाही' असे म्हणावे, तर मग एवढा वेळ तुम्ही आम्हाला का उभे केलेत, हा प्रश्न आला असता. अशा पेचात सुसंस्कृत मनुष्य जे करतो तेच मी केले. मीही मान खाली घातली.

वास्तविक ती कंपनीची धोरणसभा होती.

आमची कंपनी वाळूजला दुचाकींचे ब्रेक-लिव्हर बनवते. तात्यासाहेबांनी ती उभी केली आणि दोन वर्षांपूर्वी चिरंजीव विश्वजीत यांच्या नावे करून ते देवगाव रंगारीच्या शेतात जाऊन राहिले. माझी नेमणूक विश्वजीतसरांची. मुलाखतीत त्यांनी विचारले होते, "कॉन्टेंट लिहितोस?" मी म्हणालो, "कविता लिहितो." ते म्हणाले, "सेम थिंग." त्या दोन शब्दांवर माझे पोट चालते, म्हणून त्यांच्याविषयी मी आजवर काही बोललेलो नाही.

एके दिवशी त्यांनी मला बोलावून एक भलेमोठे प्रेझेंटेशन दाखवले. पुण्याच्या सल्लागारांनी तयार केलेली ती पुढील पाच वर्षांची स्ट्रॅटेजी होती. तिच्यात एक जहाज होते, एक डोंगर होता, धावणारा एक गोरा मनुष्य होता आणि बाणच बाण होते.

"सुदर्शन, हे शॉप फ्लोअरपर्यंत पोहोचलं पाहिजे," सर म्हणाले. "तुझ्या मराठीत. सिंपल, पण डायल्यूट न करता. इमोशन पाहिजे, कमिटमेंट नको."

भावना हवी आणि बांधिलकी नको! एवढी प्रामाणिक मागणी मी साहित्याच्या वर्तुळातही ऐकलेली नव्हती. मी होकार दिला. शिवाय माझे कायम होण्याचे पत्र त्यांच्या सहीसाठी थांबले होते, हेही नमूद करतो.

मी बजाजनगरात मालनबाईंच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहतो. शेजारच्या खोल्यांत कडुबा राहतात, आमच्याच कंपनीत दोन नंबरच्या लाइनवर, अगदी पहिल्यापासून. सकाळी आम्ही दोघे बरोबरच चालत जातो. प्रेझेंटेशन माझ्याकडे आले त्याच्या दुसऱ्याच सकाळी ते म्हणाले, "सर, तुमच्याकडं कागद आलाय म्हणं."

"कोणता कागद?"

"लाइन बिडकीनला चालली त्यो."

"कडुबाभाऊ, ती माहिती गोपनीय आहे."

"व्हय, गोपनीयच हाय. पानवाल्याला बी ठाऊक हाय." ते थोडा वेळ चालले. "मी त्याचं नाय इचारत. त्या कागदात बस हाय का नाय, तेवढं बघा."

मी त्यांच्याकडे पाहिले. ते रस्त्याकडे पाहत होते.

"डोळ्याचं तुम्हाला ठाऊकच हाय. दिवसा लई बेस. पण अंधार पडला अन् समोरून गाडीचा लाईट आला का सगळं दुधावानी पांढरं. गाडी चालवणं व्हत नाय. हितं काय, चालत जातो, चालत येतो. तिकडं लांब बिडकीनला दुसरी पाळी सुटल्यावर मी घरी कसं यावं? बस असली तर माझी नोकरी हाय, नसली तर नाय. दुसरं काय इचारायचं नाय मला."

मी ते जहाज, तो डोंगर आणि तो धावणारा मनुष्य पुन्हा पुन्हा पाहिला. बस कोठेही नव्हती. विश्वजीतसरांना विचारले, तेव्हा ते म्हणाले, "गुड क्वेश्चन. पार्क करून ठेव." मी प्रश्न पार्क केला. बसच्या बाबतीत आमच्याकडे पार्क झालेली ती पहिलीच वस्तू.

आता मसुद्याविषयी. पहिल्या मसुद्यात मी, कोणत्याही नवख्याच्या हातून होते ती चूक करून, सरळ लिहिले होते: 'दोन नंबरची लाइन उन्हाळ्यात बिडकीनला हलवली जाईल.' मसुदा मंजुरीसाठी फिरू लागला. मनुष्यबळ विभागाने 'हलवली जाईल' हे शब्द काढले, कारण त्यामुळे माणसे हलतात. कायदा विभागाने 'बिडकीन' काढले, कारण जागेचा करार व्हायचा होता. वित्त विभागाने 'उन्हाळा' काढला. उत्पादन विभागप्रमुखांना 'दोन नंबरची लाइन' या उल्लेखामुळे एक नंबरच्या लाइनमध्ये कुजबुज होईल असे वाटले, म्हणून तीही गेली. पुण्याच्या सल्लागारांनी उरलेले वाचून कळवले की टोन उत्तम आहे, फक्त थोडी वारशाची जाणीव असावी.

गेलेल्या शब्दांच्या जागा मी भरत गेलो आणि शेवटी माझ्या हाती आले ते असे: 'एक पर्व आपल्यामागे शांतपणे विसावत आहे. ज्यांनी ते उभारले, त्यांच्या हातांची ऊब या भिंतींना आहे. समोर क्षितिज आहे. आपण, जसे आहोत तसे, त्याच्याकडे पाहू या.'

खोटे कशाला बोलू? मी ते वाचले आणि अंगावर रोमांच उभे राहिले. शब्दांतून वस्तुजात काढून टाकावे, जागा आणि काळ वितळवून टाकावेत आणि मागे केवळ एक थरथर उरावी, यासाठी कवींच्या दोन पिढ्या झिजल्या. आमच्या चार विभागांनी ते चार ईमेलांत साधले होते. माझ्या आयुष्यातली ती सर्वांत शुद्ध कविता होती आणि ती दीड-दोनशे माणसांसमोर वाचली जाणार होती. बस मात्र तिच्यात कोठे बसत नव्हती. लयीतही नाही.

सभा मालाच्या गोदामामागच्या मोकळ्या जागेत, पहिली पाळी सुटल्यावर घ्यायचे ठरले. मांडवासाठी मी रांजणगावच्या सांडूला बोलावले. मराठवाड्यातला मनुष्य मांडवात जन्मतो आणि मांडवातून जातो. मधल्या काळात त्याला मांडववाला लागतो. सांडूने आपला सर्वांत भारी माल दाखवला: लाल-पिवळी झालर, हिरवे गोंडे. सुरक्षा अधिकारी तेथे होते. ते म्हणाले, "लाल चालणार नाही. आपल्याकडे लाल म्हणजे रिजेक्ट माल. पिवळा म्हणजे होल्ड. हिरवा म्हणजे ओके, आणि धोरण अजून ओके झालेलं नाही."

"मंग पांढराच राहतोय माझ्याकडं," सांडू म्हणाला. "कोरा करकरीत हाय. त्यो आम्ही येगळ्याच कामाला वापरतो."

कोणत्या कामाला, हे मी विचारले नाही. पांढऱ्या रंगाविषयी मला एकूणच आदर आहे. कोरे पान, मोकळी जागा, बर्फ. बर्फ मी पाहिलेला नाही, पण कवितेत तो मी विपुल वापरलेला आहे.

खुर्च्यांना फोर्कलिफ्टच्या वाटेमुळे परवानगी मिळाली नाही, म्हणून सतरंज्या आल्या. सतरंज्या आल्या म्हणून पादत्राणे बाहेर काढायची ठरली. त्या दिवशी ग्राहक कंपनीचे ऑडिट होते, त्यामुळे मोठ्या आवाजातली गाणी नकोत असा निरोप आला, म्हणून मी मंद बासरी लावायला सांगितली. वारशाची जाणीव म्हणून स्वागतकक्षातला तात्यासाहेबांचा तरुणपणीचा मोठा कृष्णधवल फोटो उतरवून मांडवात ठेवायचा होता. तात्यासाहेब स्वतः येऊन दीपप्रज्वलन करणार होते, म्हणून फोटोशेजारी समई. यातला प्रत्येक निर्णय स्वतंत्रपणे घेतला गेला आणि प्रत्येकामागे लेखी कारण आहे. कोणीही चौकशी करावी.

राहिला चहा. कँटीनचा ठेका नव्याने द्यायचा होता आणि त्यामुळे सभेसाठी चहा कोणत्या खात्यावर टाकावा यावर एकमत होईना. मी हे जिन्यात मालनबाईंना सहज बोललो.

"चहा नाय?" त्या केरसुणी थांबवून म्हणाल्या. "पोरीला नकार द्यायला पाव्हणे येतेत, त्यांना बी आपण चहा देतो. एका टायमालाच नाय देत."

"कोणत्या?"

त्या माझ्याकडे पाहत राहिल्या आणि पुन्हा झाडू लागल्या. शिक्षित भाडेकरूंविषयी त्यांचे मत फारसे चांगले नाही, त्यामुळे मी ते मनावर घेतले नाही.

सभेच्या दिवशी मी विश्वजीतसरांची वाट पाहत फाटकाशी उभा होतो. ते एका कॉलवर होते. तात्यासाहेबांचा ड्रायव्हर फोनवरून सांगत होता की दौलताबादच्या घाटात गर्दी आहे, उशीर होईल, तुम्ही सुरू करा. पाळी सुटली होती, लोक सतरंज्यांवर येऊन बसले होते, बासरी चालू होती. मी घाईघाईने बाजूने आत शिरलो आणि थेट ध्वनिक्षेपकाशी गेलो. फोटो माझ्या पाठीमागे होता. फोटोकडे पाहायचे मला सुचले नाही. खरे तर मी माझ्या पहिल्या वाक्याकडे पाहत होतो.

लोक विलक्षण शांत होते. कोणी तंबाखू मळत नव्हते. हे सारे बासरीमुळे आहे, असे मला वाटले.

बासरी थांबली आणि मी वाचले, "एक पर्व आपल्यामागे शांतपणे विसावत आहे."

सल्लागारांच्या सूचनांत येथे थांबायला सांगितले होते. संदेश झिरपू द्या, असा शब्द होता. मी थांबलो. संदेश झिरपला. पहिल्या रांगेत भांडार विभागाचे रामकिसन होते. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि ते उभे राहिले. त्यांच्या शेजारचा उभा राहिला. मग एखादे शेत वाऱ्याने हलावे तशी ती सारी माणसे रांगेमागून रांग उभी राहिली. मागच्या रांगेतून हुंदका ऐकू आला. सगळ्यांच्या नजरा माझ्या पाठीमागे लागल्या होत्या. मी वळलो.

तात्यासाहेबांच्या फोटोला टपोऱ्या पांढऱ्या शेवंतीचा हार होता. पुढे समई तेवत होती, उदबत्त्या जळत होत्या आणि खांबाशी उभा राहून सांडू समाधानाने माझ्याकडे पाहत होता. नजरानजर होताच तो हलकेच म्हणाला, "फोटू लई बोडका दिसत व्हता सर. हार अन् उदबत्ती माझ्याकडून. समई बी लावून टाकली."

अशा रीतीने आपण त्या शांततेत परत आलो आहोत.

ती किती वेळ चालली ते मी सांगू शकत नाही. अशा वेळी काळ वितळतो असे मी अनेकदा लिहिले होते. तो वितळत नाही. तो गोठतो आणि मानेवर बसतो. मध्येच पावले वाजली. विश्वजीतसर मोबाइलवर बोलत बोलत मांडवात शिरले आणि त्यांचे वाक्य अर्ध्यावर थांबले. त्यांनी फोटो पाहिला. हार पाहिला. मोबाइल कानापासून हळूहळू खाली आला. पलीकडचा मनुष्य अजून काही तरी बोलत होता. सरांचा चेहरा एखाद्या लहान मुलासारखा झाला. त्यांचे ओठ हलले, आणि जन्मात पहिल्यांदा त्यांनी मला शुद्ध मराठीत प्रश्न विचारला: "कधी?"

मी मान हलवली. नाही म्हणायचे होते. पण मान खाली घातलेली असताना ती कशीही हलवली तरी तिचा अर्थ एकच निघतो. सरांनी हात जोडले.

याच वेळी मांडवाच्या मागच्या तोंडाशी एक धोतर-टोपीतला उंच वृद्ध गृहस्थ आला. एवढी माणसे मौन पाळताहेत हे पाहून त्याने रीतीप्रमाणे जोडे काढले, शेवटच्या रांगेत उभा राहिला आणि मान खाली घातली. थोड्या वेळाने त्याने शेजारच्याला कोपराने हलकेच स्पर्श केला. शेजारी कडुबा होते आणि ते डोळे पुसत होते.

"कोन गेलं रे?" म्हाताऱ्याने कुजबुजून विचारले.

कडुबांनी वर पाहिले. मग फोटोकडे पाहिले. मग पुन्हा वर.

"तुमीच, तात्या," ते म्हणाले.

ती कुजबुज त्या शांततेत शेवटच्या रांगेपासून माझ्यापर्यंत स्वच्छ ऐकू आली. दीड-दोनशे माना वळल्या. कडुबांनी तात्यासाहेबांचा दंड दोन्ही हातांनी चाचपून पाहिला. मग जो गलका उठला त्यात हसणे किती आणि रडणे किती, हे वेगळे करता आले नसते. रामकिसनांनी टोपी हवेत फेकली. विश्वजीतसर आपल्या उंची पँटसह सतरंजीवर मटकन बसले. ऑडिटवाले गोदामाच्या खिडकीतून डोकावू लागले. मी ध्वनिक्षेपकात म्हणालो, "सभा... सभा पुढे सुरू राहील," आणि बासरी पुन्हा लागली.

"ते पिपाणं बंद करा," तात्यासाहेब म्हणाले.

ते पुढे आले. फोटोकडे बराच वेळ पाहत राहिले. "फोटो चांगला हाय," असे म्हणून त्यांनी हार काढला, फुलांचा वास घेतला आणि तो मांडीवर घेऊन सर्वांसमोर सतरंजीवर बसले. सांडू खांबामागे गेला होता.

"आता गेलोच हाय, तर एक करा," तात्यासाहेब म्हणाले. "मयत माणसापुढं कुणी खोटं बोलत नाय. सांगा, कशापायी बसवलं ह्यांना?"

विश्वजीतसर सावरत होते. "तात्या, आपण एक ट्रान्सफॉर्मेशन जर्नी—"

"तू थांब. हे मराठीवाले ना?" त्यांनी माझ्याकडे बोट केले. "तुम्ही सांगा, मास्तर."

मी मास्तर नाही. पण ती वेळ हे सांगण्याची नव्हती. मी हातातल्या कागदाकडे पाहिले. क्षितिज होते. ऊब होती. मी कागद उलटला. मागची बाजू कोरी होती आणि तिच्यात पुढच्या बाजूइतकीच माहिती होती. मग माझ्या तोंडून, कोणत्याही विभागाची मंजुरी नसलेले ते वाक्य बाहेर पडले: "दोन नंबरची लाइन उन्हाळ्यात बिडकीनला जाणार आहे."

मला वाटले होते, आभाळ कोसळेल. ते कोसळले नाही.

"ते तर गणपतीपासून ठाऊक हाय," कोणीतरी म्हणाले.

"आमच्या कुत्र्याला बी ठाऊक हाय," दुसरे कोणी म्हणाले आणि पुन्हा हशा झाला. मी कित्येक रात्री जपलेले रहस्य अशा रीतीने एका कुत्र्याच्या पातळीवर आले. अपमान गिळणे मला जमते. कविसंमेलनांनी तेवढे शिकवले आहे.

मग कडुबा उभे राहिले. हशा आपोआप थांबला.

"तात्या," ते म्हणाले, "बस हाय का नाय, तेवढं इचारा. लाइन कुठं बी न्या."

त्यांनी डोळ्यांविषयी काही सांगितले नाही. तात्यासाहेबांना ते ठाऊक असावे. त्यांनी हार मांडीवरून उचलून बाजूला ठेवला. "विश्वजीत, बस हाय का नाय?"

"मोबिलिटी सपोर्ट आपण फेज टूमध्ये इव्हॅल्युएट—"

"व्हय का नाय?"

सरांचा चेहरा अजून पांढरा होता. थोड्या वेळापूर्वी त्यांनी आपला बाप गमावला होता आणि तो परत मिळाला होता. माणसाचे सारे बाण आणि सारी जहाजे गळून पडावीत अशीच ती घटका होती. मी त्यांच्याकडे आशेने पाहत होतो, हे कबूल केले पाहिजे. एवढ्या हादऱ्यानंतर तोंडातून जे खरे बाहेर पडते ते चांगलेही असते, असा माझा एक समज होता.

"नाही," सर म्हणाले. "बस नाही. ज्यांना स्वतःच्या गाडीने येता येईल, त्यांना तिथे नेऊ. ज्यांना येता येणार नाही, त्यांच्यासाठी इथेही जागा राहणार नाही."

एकही इंग्रजी शब्द नव्हता. एकही विशेषण नव्हते. इतकी वर्षे भाषेचा व्यासंग करूनही त्या वाक्यांत मला एका अक्षराची काटछाट सुचली नाही.

तात्यासाहेब सतरंजीच्या पट्ट्यांकडे पाहत होते. "आता सही त्याची चालते, कडुबा," ते म्हणाले. मग आपले जोडे कोठे काढले होते ते शोधत ते मागच्या तोंडाकडे गेले.

माणसे उठू लागली. ज्यांच्याकडे मोटारसायकली होत्या, ते नसलेल्यांकडे पाहायचे टाळत होते. सांडूची माणसे कापड सोडायला लागली, त्याचे पांढरे पाट खांबांवरून ओघळून खाली येऊ लागले. पादत्राणांच्या ढिगाशी मी येऊन उभा राहिलो, कारण सल्लागारांच्या सूचनांचा शेवटचा भाग उरला होता: सभेनंतर कर्मचाऱ्यांना एक प्रश्न विचारून प्रतिसाद कळवावा. तो प्रश्न मी पाठ केलेला होता.

पहिले आले ते कडुबा. मला त्यांना काही तरी वेगळे सांगायचे होते. तोंडात वाक्ये जमा झाली, पण त्या प्रत्येकात कोठे ना कोठे क्षितिज होते. ती मी मागे सारली, आणि मग जिभेवर जे आधीच तयार होते तेच बाहेर आले.

"कडुबाभाऊ," मी म्हणालो, "संदेश स्पष्टपणे पोहोचला का?"

त्यांनी माझ्याकडे पाहिले. ऊन अजून चांगले होते, त्यांना सारे नीट दिसत होते. त्यांनी एका चपलेत पाय घातला, दुसरी जमिनीवर आपटून तिच्यातली माती झाडली, तीही घातली आणि ते फाटकाच्या दिशेने चालू लागले.